खोडू नका, कंस करा

फोटो एडिट करण्याबद्दल आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, एडिटिंग म्हणजेच खोटेपणा, फोटो ‘नो फिल्टर’च हवा. दुसरा म्हणतो, एवढं काय त्यात, एक टॅप करा. मागचा माणूस गायब, आकाश निळं, चेहरा गोरा, विषय संपला. माझं भांडण दोघांशीही आहे. कारण दोघंही एक साधा प्रश्न विचारत नाहीत: आज केलेला बदल उद्या मागे घेता येईल का?

या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच तयार झालेलं आहे. त्याचं नाव लेअर मास्क. तो फोटोशॉपमध्ये असतो, फुकटच्या गिंपमध्ये असतो, तुमच्या मोबाइलमधल्या स्नॅपसीडमध्येही वेगळ्या नावानं लपून बसलेला असतो. बहुतेकांना तो माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांतले बरेच जण आळसापोटी वापरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याला दुसऱ्याच्या फोटोला हात लावायचाय, त्यानं मास्क वापरलाच पाहिजे. यात आवडनिवड येत नाही. डॉक्टरनं हात धुवावेत की नाही, यावर आपण मतं मागवतो का?

एका फीचरवरून एवढा आवाज कशाला, असं वाटेल. तर आधी हे फीचर नसल्यानं काय होतं, ते बघू.

एकच फोटो असलेली माणसं

मी राळेगावचा. जिल्हा यवतमाळ, वर्धा नदीच्या अलीकडचा कापसाचा तालुका. २०१८ मध्ये अवनी वाघीण मारली गेली तेव्हा आमच्या तालुक्याचं नाव देशभर गेलं. एरवी आमचा जिल्हा बातम्यांत कशासाठी येतो, ते सांगायला नको. कधी कर्ज, कधी बोंडअळी, कधी २०१७ सारखी कपाशीवर फवारणी करताना झालेली विषबाधा. अशा बातमीसोबत एक फोटो हमखास असतो: उंबऱ्यात बसलेली बाई आणि तिच्या हातात नवऱ्याची फ्रेम.

पुढच्या वेळी असा फोटो दिसला तर बाईकडे बघून झाल्यावर त्या फ्रेमच्या आतही बघा. आत पुष्कळदा एक गोरागोमटा, कोट-टाय घातलेला, निळ्या पडद्यासमोरचा माणूस असतो. आयुष्यात त्यानं कोट घातलेला नसतो. मान आणि कॉलर यांच्यामध्ये एक पांढरट रेघ असते. तिथे कापलेलं डोकं तयार धडावर बसवलेलं असतं. छापणारा, वाचणारा, मदतीचा अर्ज तपासणारा, सगळे त्या माणसाला त्या चेहऱ्यानं ओळखतात. तो चेहरा त्याचा नसतो.

हे कसं होतं, ते आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि श्रद्धांजलीची फ्रेम, हे सगळं एकाच दुकानात मिळतं. माणूस गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचं कुणीतरी मोबाइल घेऊन तिथे येतं. फोटो कुणाच्या तरी लग्नातला असतो. दुकानदाराकडे कोटाची पीएसडी तयार असते. पंधरा मिनिटांत काम होतं.

माझ्या घरातलंच सांगतो. आबाजी गेले तेव्हा मी पुण्याहून अंत्यविधीला गेलो, दोन दिवसांनी परतलो, आणि तेरवीला पुन्हा गेलो तेव्हा भिंतीवर फ्रेम लागलेली होती. आबाजींचे फोटो घरात मोजून चार. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक, हे तीन नखाएवढे. चौथा काकाच्या मोबाइलमधला, चुलतबहिणीच्या लग्नात मंडपातल्या खुर्चीवर बसलेला. डोक्यावर टोपी, गळ्यात दुपट्टा, कपाळावर डावीकडे गोऱ्ह्यानं शिंग मारल्याचा जुना व्रण, आणि खांद्यावर मेंदी लावलेला नवरीचा हात. लग्नाच्या अल्बममध्ये आबाजी कुठेच नाहीत. अल्बम नवरा-नवरीचा असतो.

फ्रेममधल्या माणसाला दुपट्ट्याच्या जागी कोट होता. व्रण घासून टाकला होता. रंग गव्हाळसुद्धा नव्हे, गुलाबी होता. नातीचा हात गेला होता. टोपी तेवढी वाचली, कारण तिच्याखालचे केस बनवायला वेळ लागला असता. आजी फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “हे तं ते वाटतच नाई.”

मी दुकानात जाऊन मूळ फोटो मागितला. “तोच तं हाय ना भाऊ,” दुकानदार म्हणाला, “उलट साफ करून देल्ला. काळा कायले ठेवायचा?” काकानं त्याला मोबाइलचं मेमरी कार्ड दिलं होतं. त्यानं त्या कार्डावरचीच फाइल उघडली, इरेझरनं आजूबाजूचं सगळं खोडलं, चेहरा पांढरा केला, सगळे थर एकत्र दाबले आणि त्याच नावानं, त्याच जागी सेव्ह केलं. फोटो कधी कुणाला पाठवलेला नव्हता. म्हणजे आता तो जगात कुठेही नाही.

दुकानदार वाईट माणूस नाही. त्यानं आबाजींचा मानच राखायचा प्रयत्न केला, पैसेही वाजवी घेतले. चांगुलपणा होता, पद्धत नव्हती. ज्याच्या मोबाइलमध्ये स्वतःचे आठ हजार फोटो आहेत, त्याचा एक बिघडला तर काही अडत नाही. ज्याचा एकच आहे, त्याच्या चेहऱ्याची शेवटची नोंद जाते. एडिटिंगचे नियम आपण आठ हजारवाल्यांच्या सोयीनं बनवलेत. ते एकवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवायला हवेत.

मास्क नेमकं काय करतो

‘मास्क’ म्हटलं की मुखवटा आठवतो, आणि तिथेच गडबड होते. लेअर मास्क रांगोळीच्या छाप्याच्या जास्त जवळचा आहे. छाप्याला भोक आहे तिथून रंग जातो, नाही तिथून जात नाही.

कॉम्प्युटरसाठी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. मास्क हा त्याच लांबीरुंदीचा दुसरा तक्ता, पण त्यात रंग नसतात, फक्त काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा असतात. साधारणपणे ० ते २५५. हा तक्ता एखाद्या लेअरला जोडला की मास्कमध्ये जिथे पांढरं आहे तिथे तो लेअर पूर्ण दिसतो, जिथे काळं आहे तिथे पूर्ण झाकला जातो, आणि जिथे करडं आहे तिथे अर्धामुर्धा दिसतो. हिशोब शाळेतला आहे. समजा एका जागी वरच्या लेअरचा आकडा २०० आहे, खालच्याचा १००, आणि मास्क २५ टक्के उघडा आहे. मग पडद्यावर दिसेल २०० चा पाव भाग आणि १०० चा पाऊण भाग, म्हणजे ५० अधिक ७५, १२५.

आता मुद्दा नीट बघा. पडद्यावर १२५ दिसलं, तरी वरच्या लेअरमधले २०० हे २००च आहेत आणि खालचे १०० हे १००च. हिशोब दाखवताना होतो, साठवलेल्या आकड्यांना धक्का लागत नाही. इरेझर मात्र थेट साठवलेल्या आकड्यांवर चालतो. फाइल बंद केली की ‘अनडू’ची यादी संपते आणि खोडलेलं कायमचं खोडलेलं राहतं. मास्कवर काळा ब्रश फिरवून नवरीचा हात झाकला, तर दहा वर्षांनी पांढरा ब्रश फिरवून तो परत आणता येतो. फोटोशॉपमध्ये शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद होतो आणि मूळ लेअर दिसतो. अल्ट दाबून क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो, म्हणजे एडिट करणाऱ्यानं काय काय झाकलंय याचा नकाशाच. मला मास्कची ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते. तो लपवतो, आणि काय लपवलं याची नोंदही ठेवतो.

ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांनी हवेतून काढलेली नाही. डार्करूममध्ये फोटोग्राफर एन्लार्जरच्या उजेडात हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा धरून कागदाचा एखादा भाग झाकायचे. छापखान्यात रुबीलिथ नावाची लाल फिल्म पात्यानं कापून मास्क बनवायचे. फोटोशॉपमध्ये ‘क्विक मास्क’ चालू केल्यावर जो लाल पडदा दिसतो, तो तिचाच वारसा. १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रत्येक पिक्सेलसोबत पारदर्शकतेचा आकडा ठेवायची पद्धत आणली, आणि १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ या जोडीनं एकावर एक चित्रं रचण्याचं गणित मांडलं. फोटोशॉप लिहिणाऱ्या थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या घरी वडिलांची डार्करूम होती. १९९० मध्ये फोटोशॉप आलं आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. म्हणजे आबाजींच्या फोटोवर इरेझर चालला तेव्हा त्याचा पर्याय त्याच कॉम्प्युटरवर, त्याच सॉफ्टवेअरमध्ये, दोन बोटांच्या अंतरावर होता.

तलाठ्याकडून शिका

माझ्या धंद्यात याला ‘सॉफ्ट डिलीट’ म्हणतात. ग्राहकानं खातं बंद केलं की शहाणा प्रोग्रॅमर ती ओळ डेटाबेसमधून उडवत नाही. ‘बंद’ अशी खूण करतो आणि दाखवताना वगळतो. बँकेत चुकीची नोंद झाली तर ती पुसत नाहीत, तिच्याविरुद्ध उलटी नोंद करतात.

पण शेतकऱ्याच्या पोराला हे कॉम्प्युटरवरून शिकायची गरज नाही. घरातला सातबारा काढून बघा. सरकारनं पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलंय, आम्ही अजून तलाठीच म्हणतो. खातेदार वारला की तलाठी त्याचं नाव रबरानं पुसून टाकत नाही. वारसांचा अर्ज येतो, गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते, हरकतींसाठी मुदत दिली जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग जुन्या नावाला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा नंबर पडतो. नाव आता चालू नाही, हे कुणालाही कळतं. नाव कोणाचं होतं, हेही कळतं. कुणाच्या सांगण्यावरून आणि कधी बदललं, तेही त्या नंबरवरून शोधता येतं. वाद झाला की पणजोबांपर्यंत मागे जाता येतं, ते या कंसांमुळे.

लेअर मास्क म्हणजे फोटोवरचा कंस. जमिनीच्या एका गुंठ्यासाठी आपण तीन पिढ्यांचे फेरफार काढतो. बापाच्या चेहऱ्यासाठी मूळ फाइलसुद्धा मागत नाही.

उजेड देणं आणि गोरं करणं

आता त्या गुलाबी रंगाकडे येऊ. दुकानदाराचं म्हणणं, लोकच मागतात. मागत असतील. पण लोक नेमकं काय मागतात, तेही बघायला हवं. भर दुपारी मंडपाबाहेर काढलेल्या फोटोत टोपीखालचे डोळे सावलीत जातात, चेहरा काळवंडतो, ओळखू येत नाही. घरच्यांची तक्रार असते, “चेहरा दिसत नाही.” दुकानदाराला ऐकू येतं, “चेहरा काळा आहे.” पहिल्या तक्रारीवर उपाय आहे उजेड, दुसरीवर चुना.

मास्क येत असेल तर हा फरक हातानं करून दाखवता येतो. कर्व्ह्जचा एक अ‍ॅडजस्टमेंट लेअर घ्यायचा, चेहरा स्पष्ट दिसेल इतका उजळायचा. मग त्याचा मास्क उलटा करून पूर्ण काळा करायचा, म्हणजे सगळा परिणाम झाकला जातो. मऊ कडांचा पांढरा ब्रश, फ्लो दहा-वीस टक्के, आणि फक्त डोळ्यांच्या खाचा, नाकाची सावली, हनुवटीखालचा भाग हळूहळू उघडायचा. गाल, कपाळ, हात यांना हात लावायचा नाही. पाच मिनिटांत डोळे दिसायला लागतात आणि माणूस ज्या रंगाचा होता त्याच रंगाचा राहतो. मास्क नसेल तर हाती उरतो एकच स्लायडर, आणि तो सगळ्या चेहऱ्याला एकदम पांढरं फासतो.

फोटोग्राफीत कातडीच्या रंगाचं राजकारण जुनं आहे. कोडॅकनं कित्येक वर्षं लॅबना रंग जुळवण्यासाठी जे कार्ड पाठवलं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ते ओळखलं जातं. गोरी कातडी बरोबर आली की फोटो बरोबर. आपल्याकडच्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गेला. स्टुडिओतल्या स्लायडरवरून तो गेलेला नाही. राळेगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. तालुक्यात गोंड आहेत, कोलाम आहेत, उन्हात राबणारे सगळेच आहेत. आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये सगळे एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे गुलाबी. मेल्यावर मान द्यायचा तर आधी रंग बदलावा लागतो, असं आपण पोरांना रोज भिंतीवरून शिकवतोय.

याची उलटी बाजू अमेरिकेत दिसली. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसनला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा फोटो ‘टाइम’ साप्ताहिकानं मुखपृष्ठावर छापला, पण गडद करून, काळवंडून. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’नं तोच फोटो न बदलता मुखपृष्ठावर छापला. दोन्ही अंक दुकानात शेजारी-शेजारी लागले आणि गहजब झाला. तिथे गुन्हेगार वाटावा म्हणून माणूस काळा झाला, इथे सज्जन वाटावा म्हणून गोरा होतो, रोग एकच. पण ‘टाइम’ची करामत पकडली गेली, कारण मूळ फोटो शेजारीच उपलब्ध होता. आबाजींच्या शेजारी कोणताही अंक नव्हता.

‘नो फिल्टर’वाल्यांसाठी

हे वाचून पहिला पक्ष खूश झाला असेल: बघा, आम्ही म्हणतच होतो, एडिटिंग नकोच. थांबा. तुमचा ‘नो फिल्टर’ फोटो मोबाइलनं आधीच एडिट केलेला असतो. आजकालचा फोन बहुतेकदा एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उचलतो, कडा धारदार करतो. तुम्हाला विचारत नाही, एवढंच.

आणि हे मोबाइलच्या आधीपासूनचं आहे. दादासाहेब फाळके सिनेमाआधी फोटोग्राफीच्या धंद्यात होते, आणि १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या युक्त्या वापरल्या. जुन्या स्टुडिओंत ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट हातानं रंगवायचे. आजीच्या शालूला लाल, काठाला पिवळा. त्या फोटोंना कुणी खोटं म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण एक गोष्ट लक्षात घ्या. प्रिंटवर कितीही रंग फासला, तरी निगेटिव्ह कपाटात वेगळी असायची. पुन्हा प्रिंट काढली की मूळ चेहरा परत. फिल्मच्या काळात मूळ प्रत जपणं ही वेगळी मेहनत नव्हती. ती आपोआप उरायची. डिजिटलनं ती सोय काढून घेतली. आता कंट्रोल आणि एस ही दोन बटणं दाबली की निगेटिव्ह आणि प्रिंट एकदम जळतात. म्हणून जी शिस्त आधी रसायनशास्त्र पाळायचं, ती आता माणसानं पाळायची आहे.

हेही मान्य करतो की मास्कनंही फसवता येतं. मास्क वापरून कोणालाही गोरं करता येतं, कुणाचाही हात झाकता येतो, आणि शेवटी जेपीजी बनवली की सगळे लेअर दाबले जातात. जेपीजीत लेअर राहतच नाहीत. म्हणूनच नुसता मास्क पुरत नाही. मूळ फोटो आणि लेअरची फाइल ज्याचा फोटो आहे त्याच्या घरी पोचली पाहिजे. कंस केलेला सातबारा तलाठ्याच्या कपाटातच राहिला तर त्याचा काय उपयोग?

‘परवडत नाही’ आणि ‘आता एआय आहे’

दुकानदारांचा पहिला आक्षेप असतो जागेचा. लेअरच्या फाइली मोठ्या होतात, हार्ड डिस्क भरते. हिशोब करू. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, १ कोटी २० लाख पिक्सेल. रंगीत लेअरला पिक्सेलमागे तीन बाइट, म्हणजे सुमारे ३६ एमबी. मास्कला एकच बाइट, म्हणजे १२ एमबी, तेही दाबून साठवण्याआधी. मास्कचा बराचसा भाग सलग काळा नाही तर सलग पांढरा असतो, त्यामुळे साठवताना तो खूपच लहान होतो. आणि नुसत्या मूळ जेपीजीचं म्हणाल तर ती पाच एमबीची धरली तरी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सहा हजारांवर मावतात. जागेचं कारण खरं नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. इरेझरनं कड कापायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच मास्कवर काळा ब्रश फिरवायला लागतो. ब्रश तोच, हात तोच, कड तीच. उलट चूक झाली तर मास्कवर एक्स दाबून रंग पालटला की दुरुस्ती होते. इरेझरवाल्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

तिसरा आक्षेप तुमच्या वयाच्या वाचकांचा: भाऊ, आता एआय आहे, मास्क कोण शिकणार? गूगलचा मॅजिक इरेझर २०२१ मध्ये आला, आयफोनवर बोट दाबून माणूस उचलायची सोय २०२२ मध्ये, फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल २०२३ मध्ये. खरं आहे. पण पडद्यामागे काय चालतं ते माहीत असू द्या. ‘बॅकग्राउंड काढा’ म्हटल्यावर यंत्र आधी मास्कच बनवतं: कोणता पिक्सेल माणूस, कोणता पार्श्वभूमी. फोटोशॉपमधलं ‘रिमूव्ह बॅकग्राउंड’ हे बटण तो मास्क तुमच्या लेअरला जोडून हातात देतं. जनरेटिव्ह फिलसुद्धा नवीन भाग वेगळ्या लेअरवर, मास्कसकट ठेवतं. फुकटची बरीच अ‍ॅप्स मात्र मास्क वापरतात, फोटो कापतात, आणि मास्क फेकून देतात. तुमच्या हातात येते नुसती कापलेली पीएनजी. व्यावसायिकाला परतीचा रस्ता, आणि गावातल्या माणसाला एकेरी. हा भेदभाव तंत्रज्ञानाच्या मर्यादेतून आलेला नाही, कुणीतरी तसं बनवलंय.

याची किंमत बारीक ठिकाणी मोजावी लागते. डोक्यावरून घेतलेला पदर यंत्राला कधी माणूस वाटतो, कधी पार्श्वभूमी. काळे केस काळ्या दारासमोर असले की कड चुकते. मास्क हातात असेल तर पांढऱ्या ब्रशनं पदर परत आणता येतो. पीएनजी असेल तर बाई उघड्या डोक्यानं फ्रेममध्ये जाते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते लागतं. जुना, फाटका फोटो ‘दुरुस्त’ करणारी एआय तर त्याच्या पुढची. फाटलेल्या जागी कान कसा होता, हे तिला माहीत नसतं. ती जगातल्या लाखो कानांवरून एक कान बेतते. तो कान वेगळ्या लेअरवर असेल, झाकता येत असेल, तर ठीक आहे, शोभेला राहू द्या. मूळ फोटोवर कायमचा चिकटवला तर पुढची पिढी म्हणेल, आपल्या घराण्यात कान असेच.

काय करायचं

मोबाइलवर सुरुवात करायची असेल तर स्नॅपसीडमध्ये एखादा बदल करा, मग ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जाऊन त्या बदलावर टॅप करा आणि ब्रशचं चिन्ह निवडा. बदल झाकला जाईल. बोटानं जिथे घासाल तिथेच तो उघडेल, ० ते १०० अशा पायऱ्यांनी. तोच तुमचा मास्क. लॅपटॉप असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी पीएसडी फाइल उघडतं, मास्कसकट, फुकट. गिंपमध्ये लेअरवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅड लेअर मास्क’. एका रविवारच्या दुपारचं काम आहे.

आणि घरासाठी चार गोष्टी. एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आजच एक नीट फोटो काढा, सावलीत, डोळे दिसतील असा, ते रोज जसे असतात तसा. दोन, दुकानात मेमरी कार्ड किंवा मोबाइल देऊ नका. प्रत द्या, मूळ घरी ठेवा. तीन, काम झाल्यावर प्रिंटसोबत लेअरची फाइलही मागा. तुम्ही पैसे मोजलेत, ती तुमची आहे. चार, ‘गोरा करू का’ असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा, आणि ‘उजेड करा’ असं सांगा.

ज्या दुकानदारांनी हे वाचलं असेल, त्यांच्याकडे एकच मागणं. कोट घाला हवा तर. काही घरांना तो मनापासून हवा असतो, आणि तो हट्ट मोडणारे आपण कोण? पण कोट वेगळ्या लेअरवर घाला, माणसाला मास्कनं झाका, आणि फाइलचं नाव बदलून सेव्ह करा.

तरीही कुणी काउंटरपलीकडून विचारलंच, एवढं कशाला, तर आमच्या बोलीत सांगा: “तलाठी बी नाव खोडत नाई भाऊ, कंस करते. तुमी बी कंस करा.”